दोन चमचे साखर

औषधाच्या कपाटाचं कुलूप वहिनीने मुद्दाम परक्या दुकानातून आणलं होतं. घरात दीर किल्लीवाला, बाजाराच्या बोळात त्याचं स्वतःचं दुकान, दुकानाच्या भिंतीवर दीड-दोनशे कुलपं टांगलेली. आणि ही बाई दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून कुलूप घेऊन आली. का, तर दिराकडे त्याची किल्ली नको. ते कुलूप उघडायला किल्लीवाल्याला एक शिंक येऊन जाईल इतका वेळ पुरला असता, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण अपमान करायचा तर तो साग्रसंगीत करावा, अशी तिची शिस्त होती.

त्याला नऊ वर्षं झाली. किल्लीवाल्याने त्या कुलपाला एकदाही बोट लावलं नाही. वहिनीला भिऊन नव्हे. ज्या म्हाताऱ्याकडे तो हा धंदा शिकला, त्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती: मालक समोर उभा असल्याशिवाय परक्या कुलपाला हात लावायचा नाही. ज्याला कुठलंही कुलूप उघडता येतं, त्याने एवढं पथ्य पाळलं नाही तर त्याच्यात आणि चोरात फरक काय उरला? किल्लीवाल्याने आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोडल्या, पण हे पथ्य मोडलं नाही.

गोळी फिकट पिवळी, मधोमध रेघ असलेली. सकाळी एक, रात्री दोन. किल्लीवाल्याच्या डोक्यातले आवाज गप्प ठेवणारी. दर अठ्ठावीस दिवसांनी दवाखान्यात रक्त द्यायचं आणि रक्त ठीक निघालं तरच खिडकीतून पुढच्या अठ्ठावीस दिवसांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या मिळायच्या. त्या आणायला वहिनी जायची, ठेवायची वहिनी, द्यायचीही वहिनीच. गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून ती कपाट उघडायची, गोळी त्याच्या तळहातावर टाकायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "उघडा तोंड, भाऊजी."

तो तोंड उघडायचा.

"जीभ वर."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण तोंडाळ माणसाला म्हणतो. इथे तोंडाळ होती ती जीभ उचलायला लावत होती आणि ज्याची जीभ उचलली जात होती त्याला बोलायची सोय नव्हती.

वहिनी डबाबंद मालाच्या कारखान्यात तपासनीस होती. पट्ट्यावरून डबे सरकत यायचे, झाकण नीट बसलं नसेल तो डबा तिने बाजूला काढायचा. दिवसभर झाकणं बघायची आणि घरी आल्यावर दिराचं तोंड. घरातला कोणता डबा बाजूला काढायचा, हेही तिने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. शहराबाहेर अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती. घरात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं "तिकडे" म्हणत. तिकडचा फॉर्म गेली दोन वर्षं कपड्यांच्या खाली घडी करून ठेवलेला होता. त्यावर फक्त दादाची, म्हणजे किल्लीवाल्याच्या थोरल्या भावाची, सही व्हायची होती.

आता वहिनीचा राग अगदीच हवेतला होता असं म्हणाल तर तेही खोटं. नऊ वर्षांपूर्वी किल्लीवाल्याला दोन महिने बरं वाटलं आणि त्याने ठरवलं, बरं वाटतंय तर गोळ्या कशाला? कुणाला न विचारता त्याने त्या नाल्यात फेकल्या. सहाव्या दिवशी त्याला कुलपं बोलताना ऐकू येऊ लागली. घरातलं एकेक कुलूप, कडी, बोल्ट त्याने उचकटून काढला आणि गप्प बसवायला पाण्याच्या बादलीत बुडवला. बाथरूमच्या दाराची कडी काढली तेव्हा आत वहिनी होती. पलीकडून दीर दाराशी काय बोलतोय ते ऐकत ती दोन्ही हातांनी ते दार धरून तीन तास उभी राहिली, दादा कामावरून येईपर्यंत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वहिनी तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पीत होती. तिची भीती खरी होती. पण खरी म्हणून ती रोज दोन वेळा समोरच्याच्या ताटात वाढायची का?

यंदा भांडण पेटलं ते सिगारेटवरून. किल्लीवाला दिवसाला दीड पाकीट ओढायचा, जिन्यात उभा राहून. एका संध्याकाळी धूर आत आला आणि वहिनी दादाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट नळीत घाला, वाकडं ते वाकडंच. भाऊजींनी सिगारेट सोडली ना, तर मी माझं नाव बदलीन."

किल्लीवाल्याने हातातली सिगारेट तिथेच चिरडली आणि त्यानंतर एकही ओढली नाही.

पण सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. सोडली म्हणून सांगायचं आणि चार दिवसांनी पुन्हा पेटवली तर या बाईला जन्माचा विषय मिळायचा. म्हणून त्याने असं ठरवलं, की पुरता एक महिना काढायचा आणि मग तिच्या तोंडावर फेकायचा. तोवर सोंग चालू. तो रोज पाकीट विकत घ्यायचा आणि बाजाराच्या रखवालदाराला देऊन टाकायचा. रखवालदाराला वाटलं, हा माणूस देवच. संध्याकाळी तो जिन्यात नेहमीइतकाच वेळ उभा राहायचा, एक काडी ओढून विझवायचा, वास सुटला की आत यायचा. एवढी अक्कल माणूस चांगल्या कामात लावत नाही, जेवढी हट्टात लावतो.

सहा-सात दिवस गेले आणि त्याचं अंग जड पडू लागलं. सकाळी उशी लाळेने ओली असायची. अंथरुणावरून उठला की घर गरकन फिरायचं, भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या मान खाली जायची. किल्ली घासताना हात मध्येच झटका देऊन उडायचा आणि खाच चुकायची. त्याला वाटलं, तंबाखू सुटली त्याचं हे असणार. दीड पाकिटाची सवय काय हसत हसत जाते? आठवड्याभरात ओसरेल. तो दात खाऊन गप्प राहिला.

वहिनीने ते पाहिलं आणि तिचा हिशेब निराळा निघाला. हा झिंगल्यासारखा चालतोय, बोलताना अडखळतोय, नजर हरवलेली. म्हणजे गोळ्या थुंकतोय. आजार परत येतोय. ती तोंड तपासायला आता टॉर्च आणू लागली.

"गाल ओढा. हा नाही, तो."

"वहिनी, मी गिळली."

"चोर काय सांगतो, चोरी केली म्हणून? ओढा गाल."

आणि त्याच दिवसांत एक चमत्कार झाला. संध्याकाळी पाचचा चहा वहिनी त्याच्यापुढे आदळायची, फिका, कोमट, कान तुटलेल्या कपात. एका संध्याकाळी त्याने घोट घेतला तर चहा गोड. चांगला दोन चमचे साखर घातलेला. दुसऱ्या दिवशीही तसाच, तिसऱ्या दिवशीही. किल्लीवाल्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. आपली अवस्था बघून या बाईच्या पोटात काहीतरी हललं असेल. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. महिना भरल्यावर सिगारेटचं तोंडावर फेकायचं की नुसतं सांगायचं, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. चहा इतका गोड की तळाशी साखर उरायची. तो कप वाकडा करून तीही प्यायचा.

मग दुकानात एक शिक्षिका आली. तिच्या घराच्या तीन किल्ल्या त्याने बनवून दिल्या होत्या, तीनही चुकलेल्या. एक तर कुलपातच मोडली. बाई दोन तास स्वतःच्या दाराबाहेर बसून आली होती. बाजारभर ऐकू जाईल असं बोलली आणि बोलता बोलता थांबली, कारण किल्लीवाला तिच्यासमोर, उभ्या उभ्या, झोपला होता. शेजारच्या दुकानदाराने दादाला फोन केला. दादाने येऊन शटर ओढलं, दुकानाची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि भावाला हाताला धरून घरी आणलं.

हा शनिवार. रविवारी दुपारी दादाने कपड्यांखालचा फॉर्म काढला.

"उद्या सकाळी तिकडे जाऊ," तो म्हणाला. दादा वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण सोसत नसे, आणि ज्याला भांडण सोसत नाही तो शेवटी जोरात ओरडणाऱ्याच्या बाजूने जातो. "थोडे दिवस राहा. मग बघू."

"तिकडून थोड्या दिवसांनी परत आलेला एक माणूस दाखव."

"तुला बरं नाही रे. आजार उलटलाय."

"हा आजार नाही, दादा." किल्लीवाल्याची जीभ जड होती, शब्द ओठांत अडकत होते. "आजार आला की मला झोप येत नाही. आता मी चौदा तास झोपतो. तेव्हा आवाज येतात, आता तुझा आवाज मला धड ऐकू येत नाही. हे औषधाचं आहे. हॉस्पिटलात पहिल्यांदा डोस भराभर वाढवला होता ना, तेव्हा असंच झालं होतं."

"तुमच्या आजाराचं तुम्ही सांगणार?" वहिनी आतून म्हणाली. "कुलपं बुडवलीत तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होतात. मी ठीक आहे, मी ठीक आहे."

हेच तर त्या आजाराचं सगळ्यात मोठं पाप. एकदा तो झाला की माणसाची साक्ष कुठल्याच कोर्टात चालत नाही, स्वतःच्या घरातही नाही.

पाच वाजता चहा आला. गोड. दादाने फॉर्मवर सही करायला चष्मा शोधायला घेतला. किल्लीवाल्याने सवयीने कप वाकडा केला आणि तळाकडे पाहिलं. साखरेत पिवळे कण होते.

पितळेचा कीस, त्याला वाटलं. त्याच्या बोटांना, नखांना, शर्टाच्या बाहीला पितळेचा कीस कायमचा चिकटलेला असायचा, जेवणातसुद्धा यायचा. पण दुकान कालपासून बंद होतं आणि आज त्याने अंघोळ केली होती. त्याने ते कण बोटावर घेतले, खिडकीपाशी धरले. पितळ उन्हात चमकतं. हे चमकत नव्हतं. बोटांत चोळलं तर पितळ टोचतं. हे विरघळलं. त्याने बोट जिभेला लावलं. साखर विरली आणि मागे कडू चव राहिली. ती चव तो नऊ वर्षं ओळखत होता.

"वहिनी, चहात काय आहे?"

"साखर आहे. काय असणार?"

"साखर पिवळी कधीपासून झाली?"

वहिनी दारात आली. तिचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला आणि किल्लीवाल्याने तो पाहिला.

तो उठला. घर फिरलं, त्याने टेबल धरलं. कोपऱ्यातल्या पिशवीतून अवजारांचा जुडगा काढला आणि भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, इकडे ये. औषधाच्या पाकिटावर नाव कुणाचं आहे?"

"तुझं. का?"

"मग मालक मी. मालक समोर उभा आहे, आता कुलूप उघडायला हरकत नाही."

त्याने आकडा आत घातला. शिंकेइतका वेळ लागायला हवा होता. हात उडाला, आकडा घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा आकडा हातातून निसटून जमिनीवर पडला आणि तो उचलायला वाकल्यावर त्याला वर येता येईना. कपाळावर घाम, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, समोर ते दीडदमडीचं कुलूप. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बघा," वहिनी दादाला म्हणाली. "बघून घ्या यांचे हात." मग तिने गळ्यातली दोरी ओढून काढली आणि किल्ली त्याच्या पुढ्यात फेकली. "घ्या, उघडा. मी काही कुणाच्या बापाचं चोरलेलं नाही."

त्याने दोन्ही हातांनी किल्ली धरून कुलूप उघडलं. पाकिटं टेबलावर ओतली आणि दादाला मोजायला लावली, कारण त्याच्या मोजण्यावर कोण विश्वास ठेवणार? पाकीट आणल्याचा आज सतरावा दिवस. सोळा दिवसांच्या अठ्ठेचाळीस आणि आज सकाळची एक, एकोणपन्नास. पस्तीस राहायला हव्या होत्या. दादाने दोनदा मोजल्या. सत्तावीस.

"आठ कमी आहेत," दादा म्हणाला आणि बायकोकडे बघू लागला.

"हो, घातल्या!" वहिनी ओरडली. "मी घातल्या, कुटून. आधी चार दिवस अर्धी, मग रोज एक. हे थुंकत होते त्याचं काय? मी डोळ्यांनी बघतेय आजार येताना, आणि हातावर हात ठेवून बसू? तुम्ही कामावर असता. दार मी धरलं होतं. तीन तास मी धरलं होतं, तुम्ही नाही. मी पुन्हा धरणार नाही, सांगून ठेवते."

"मी थुंकत नव्हतो," किल्लीवाला म्हणाला.

"मग हे काय होतंय तुम्हाला?"

त्याने सगळी पाकिटं दोन्ही मुठींत गोळा केली आणि बेसिनपाशी गेला. फेकून द्यायच्या, सगळ्या. जी गोळी शत्रूच्या हातची, ती औषध कसली? त्या क्षणी त्याला कुणी अडवलं असतं तर त्याने धक्का दिला असता. अडवलं कुणीच नाही. त्याने नळ सोडला, पाणी वाहू लागलं, आणि त्या आवाजाबरोबर त्याला ती बादली आठवली. पाण्यात बुडालेली कुलपं, आणि तो कान देऊन ऐकतोय. गोळ्या फेकल्यापासून सहा दिवस लागले होते त्या बादलीपर्यंत पोचायला. वहिनीवरचा राग खरा होता, पण त्याची किंमत वहिनी भरणार नव्हती. त्याने नळ बंद केला, पाकिटं टेबलावर ठेवली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं दवाखान्याचं कार्ड काढलं. त्यावर सुट्टीच्या दिवशीचा नंबर होता. नऊ वर्षांत तो कुणी लावला नव्हता.

दादाने नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. पलीकडे सिस्टर होती, आवाज कोरडा, कामाचा. तिने भराभर विचारलं. गोळी कोणती, किती, शेवटची कधी? ताप आहे का? घसा दुखतो का? पोट साफ होतं का? छातीत धडधड? तो उत्तरं देत गेला. चहातल्या गोळीचं दादाने सांगितलं. सिस्टरने पुढचा प्रश्न विचारला.

"सिगारेट ओढता?"

"हो."

"हल्ली कमी-जास्त?"

वहिनी समोर उभी होती, हाताची घडी घालून. किल्लीवाल्याच्या ओठांवर आलेला शब्द मागे फिरला. "नाही," तो म्हणाला. "तेवढीच."

असा माणूस. मरायला टेकला तरी सुंभाचा पीळ जाईना.

"नीट आठवून सांगा," सिस्टर म्हणाली. "दहा दिवसांत आठ जास्तीच्या गोळ्या एवढ्याने माणूस इतका खाली जात नाही. आणि तुम्हाला त्याच्या आधीपासून होतंय म्हणता. मला खरं कळलं नाही तर डॉक्टर चुकीचा निर्णय घेतील."

दादाच्या हातात तो फॉर्म होता. किल्लीवाल्याने फॉर्मकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सोडली," तो म्हणाला. "आज एकोणीस दिवस झाले. घरात माहीत नाही."

नऊ वर्षं वहिनी त्याला तोंड उघडायला लावत होती. आज तिचं आपोआप उघडलं.

"हं," सिस्टर म्हणाली. "सापडलं मग. सिगारेटच्या धुराने शरीर ही गोळी लवकर संपवून टाकतं. तुमचा डोस त्या धुराच्या हिशेबाने बसवलेला. धूर बंद झाला की तीच गोळी अंगात साठत जाते. गोळ्या तेवढ्याच, पण जोर दीडपटीच्या वर. त्यावर घरच्यांनी आणखी एक घातली."

"म्हणजे सिगारेट सोडली हे वाईट केलं?" दादाने भाबडेपणाने विचारलं.

"सोडली ते उत्तम केलं. न सांगता सोडली ते वाईट. आम्ही आधी डोस कमी केला असता. आता रात्रीची गोळी देऊ नका, लगेच इकडे घेऊन या. गाडीत झोपू देऊ नका, बोलत राहा. उरलेली पाकिटं बरोबर आणा. आणि आता गोळ्याच नकोत असंही कुणी आपल्या मनाने ठरवू नका. काय द्यायचं, काय थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील."

गाडीत त्याला जागं ठेवायचं काम वहिनीवर आलं, कारण दादा चालकाशेजारी बसून रस्ता सांगत होता. ती काय बोलणार? जे नऊ वर्षं बोलत आली तेच बोलली.

"एकोणीस दिवस. जिन्यात उभं राहून काड्या ओढत होतात? लाज नाही वाटली? डोळे उघडा, भाऊजी. मी बोलतेय."

"तुम्ही गोळ्या कुटत होतात," तो पुटपुटला. "खलबत्त्यात."

"लाटण्याने. डोळे उघडा म्हणते ना!"

हॉस्पिटलात रक्त घेतलं, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, हाताला सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि तोंडाने तिखट होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एकाने न सांगता सोडलं, दुसरीने न सांगता वाढवलं. तुम्ही एकमेकांशी बोलत नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण औषधाला ते कळत नाही. आणखी चार दिवस हे चाललं असतं आणि फिट आली असती, तर मला नवल वाटलं नसतं. आणि हा कागद कसला?"

दादाने फॉर्म घाईने खिशात कोंबला. "काही नाही," तो म्हणाला. तो कागद पुन्हा कपड्यांखाली गेला नाही, एवढं नंतर किल्लीवाल्याला कळलं. कुठे गेला ते त्याने विचारलं नाही.

सहा दिवस तो तिथे राहिला. स्वतःच्या सहीने दाखल झाला, हे त्याने घरी आल्यावर दोनदा सांगितलं. औषध थांबवून, मग थोडं थोडं करत पुन्हा बसवलं आणि शेवटी रात्रीच्या दोनच्या जागी एकच ठरली. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सगळं लिहून दिलं आणि वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतलं. गोळ्या तो स्वतः घेणार आणि कागदावर खूण करणार. वहिनीने खूण पाहायची, गोळीला हात लावायचा नाही. कुटायची नाही, लपवून द्यायची नाही. शंका आली तर फोन. दोन दिवस चुकल्या तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत, फोन. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी येऊन रक्त द्यायचं. आणि सिगारेट पुन्हा पेटवायची लहर आली तरी आधी फोन, कारण मग डोस पुन्हा बदलेल. वहिनीने वाचलं. "कारखान्यातसुद्धा इतके नियम नाहीत," असं ती शेवटी म्हणाली.

दादाने दुकानाची किल्ली परत दिली. पहिल्या दिवशी किल्लीवाल्याने शिक्षिकेच्या तीन किल्ल्या फुकट करून दिल्या आणि मग खिशातून वहिनीच्या कुलपाची किल्ली काढली, त्या रविवारी जमिनीवर फेकलेली. तिच्यावरून दुसरी घासली. हात एकदाही उडाला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्याने नवी किल्ली कुलपात घातली. पहिल्याच फेऱ्यात कुलूप उघडलं. जुनी किल्ली त्याने वहिनीपुढे ठेवली, नवी आपल्या खिशात टाकली. वहिनीने जुनी उचलून दोरीत ओवली आणि गळ्यात घातली. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही. मागितली असती तर दुसऱ्याने ती घेतली नसती.

रात्रीची गोळी त्याने तिच्यासमोर घेतली, कागदावर खूण केली आणि न सांगता तोंड उघडलं. सवय, दुसरं काय. वहिनीनेही सवयीने आत पाहिलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने चहा आणून ठेवला, त्याच कान तुटलेल्या कपात. साखरेचा डबा आणि चमचा शेजारी वेगळा ठेवला होता. किल्लीवाल्याने कप डोळ्यांजवळ नेला, वास घेतला, चमच्याने तळ ढवळून वर काढून पाहिला. वहिनी समोर उभी राहून हे सगळं बघत होती.

"झाली तपासणी?" ती म्हणाली.

"झाली."

"साखर घ्या की. डबा कशाला ठेवलाय?"

"नको." त्याने बिनसाखरेचा घोट घेतला. मग मान वर न करता म्हणाला, "दहा दिवस मला वाटत होतं, वहिनी, ती साखर तुम्ही माझ्यासाठी घालताय."

वहिनीने साखरेचा डबा उचलला, झाकण नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं.

"तुमच्यासाठीच घालत होते," ती म्हणाली. "कडू लागू नये म्हणून."